हा वाटा कोणाचा

माझ्या मोठ्या बहिणीनं मला फसवलं. मी बारा वर्षांची होते, ती चौदाची. फसवण्यासाठी तिला तोंड उघडून एक शब्दही बोलावा लागला नाही. ती फक्त एकदा खोकलली. तिला जाऊन चार वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही.

हे सगळं पुन्हा वर आलं ते चीज डिपमुळे.

बहीण गेल्यावर मी तिची मुलगी आणि आमची म्हातारी माय, दोघींना सावली तालुक्यातल्या आमच्या गावातून गोंडपिपरीला माझ्याकडे आणलं. इथे माझं फ्रोझनचं दुकान आहे. मटार, मका, पनीर, चीज, कोंबडीचे तुकडे, थंडीत मासळी. दुकानामागे घर. भाची नर्सिंग शिकली आणि गेल्या हिवाळ्यात तिला नोकरी लागली. मैत्रिणींना पार्टी द्यायची, असं तिनं ठरवलं, आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. एका भांड्यात चीज खदखदत होतं, वर तांबूस साय धरली होती आणि चार-पाच मुली त्यात पाव बुडवून खात होत्या.

"मावशी, हे पाहिजे. गरमच पाहिजे."

मी विचारलं, यात काय काय आहे. ती म्हणाली, क्रीम चीज. मी म्हटलं, ते गोंडपिपरीत मिळत नाही आणि मी मागवणारही नाही, दह्याचा चक्का बांधू. तिनं विचारलं, तशी चव येईल का.

"तशी नाई येणार. बरी येणार."

ती हसली. हसताना तिचा खालचा ओठ एका बाजूला जातो, अगदी बहिणीसारखा. अशा वेळी मी काहीतरी काम काढून दुसरीकडे वळते.

डिपमध्ये काय घालायचं यावर आमची दोन दिवस घासाघीस झाली. तिला मशरूम हवे होते. मी म्हटलं, माझ्या घरात पार्टी आहे तर झिंगे पडतील. आमच्या तलावातले झिंगे, म्हणजे गोड्या पाण्यातली कोळंबी, नखाएवढे असतात. उन्हात वाळवले की डब्यात वर्षभर टिकतात, आणि कोरडे भाजले की त्यांचा वास तीन घरं जातो. भाचीनं नाक मुरडलं. मैत्रिणी काय म्हणतील, असं ती म्हणाली. मी तिला सांगितलं की, ज्या झिंग्यांवर तू वाढलीस त्यांची लाज वाटत असेल तर नर्सचा डगला घालून काही उपयोग नाही. मग तिनं झिंग्यांचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. माझं बोलणं असंच आहे. बाजारात वाढलेल्या बाईचं बोलणं मऊ राहत नाही, आणि मी बाजारात का वाढले, तेच सांगायला बसले आहे.

आमची जात तलावावर जगणारी. उन्हाळ्याच्या तोंडाशी तलावाचं पाणी उतरलं की सगळी घरं मिळून जाळं टाकत. निघालेली मासळी पाळीवर, तलावाच्या बांधावर ओतायची आणि जितकी घरं तितके वाटे मांडायचे. मांडणारा कितीही इमानदार असो, एखाद्या वाट्यात मरळ मोठी येतेच आणि एखाद्यात नुसती बारीक मासळी. म्हणून कोणता वाटा कोणाचा हे मांडणारा ठरवत नसे. एका लहान पोराला पाठमोरं उभं करत. त्याचं तोंड तलावाकडे, वाटे पाठीमागे. मोठा माणूस एकेका वाट्यावर काठी ठेवून विचारायचा, "हा कोनाचा?" पोरानं न पाहता एकेका घराचं नाव घ्यायचं. ज्याच्या नशिबी जे येईल ते. त्यावर पुन्हा तोंड उघडायचं नाही.

सात वर्षांची असल्यापासून पाठमोरं उभं राहायचं काम माझ्याकडे होतं, कारण मी धिटाईनं, मोठ्या आवाजात नावं घेत असे. आणि मोठ्या बहिणीनं, जिला मी बाई म्हणत असे, पहिल्याच वर्षी मला एक खूण शिकवली. काठी चांगल्या वाट्यावर आली की ती खोकलायची. बारीक, कोरडं, एकदाच. मग मी म्हणायची, "माहा." माझा, म्हणजे आमच्या घराचा.

पाच वर्षं आम्ही गावाला फसवलं. कोणाला कळलं नाही, असं आम्हाला वाटायचं. आमच्या घरी बहुतेक वेळा मरळ यायची आणि बाप म्हणायचा, माझ्या लहानीच्या जिभेत नशीब आहे. बाई आणि मी चुलीमागे तोंड दाबून हसायचो. माझ्या लबाडीची सुरुवात तिथली आहे, हे मी लपवत नाही. पण ती आमची दोघींची लबाडी होती. एका बाजूनं करायची नव्हती.

बाप तापानं गेला. दोन महिन्यांत चंद्रपूरहून आत्या आली. तिथल्या बाजारात तिचा मासळीचा ओटा होता आणि हाताशी एक मुलगी पाहिजे होती. एका पोरीला मी नेते, एक तुझ्याजवळ राहू दे, असं ती मायला म्हणाली. आत्याचा हात उठायचा, हे आम्हाला माहीत होतं. दोघींनाही जायचं नव्हतं. दोघी मिळून मायच्या पदराला धरून रडलो.

मायनं पदर सोडवला. तिनं घरात जमिनीवर दोन पानं मांडली, एक सागाचं, एक पळसाचं. दोन्हींवर मूठ मूठ झिंगे ठेवले. सागाचं पान म्हणजे घरी राहायचं, पळसाचं म्हणजे आत्याबरोबर जायचं, असं सांगून तिनं पानांची जागा बदलली आणि मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. आत्या बाहेर ओसरीवर पान खात बसली होती. चुलीत ओलं लाकूड होतं, घरात धूर कोंडला होता. माझ्या नाकासमोर शेणानं सारवलेली भिंत होती आणि तिच्यावर मुंग्यांची एक ओळ वर चढत होती. ती ओळ मला आजही काढून दाखवता येईल.

मायनं विचारलं, "हा कोनाचा?"

मी वाट पाहिली. मागे खोकला आला. बारीक, कोरडा, एकदाच.

मी म्हटलं, "माहा."

वळून पाहिलं तर मायचं बोट पळसाच्या पानावर होतं.

बाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. जमिनीकडे पाहत राहिली. मी ओरडले नाही. ओरडून सांगणार काय? आमची खूण होती म्हणून? वाट्यावर तोंड उघडायचं नाही, हा तर नियमच होता, आणि तो मीच पाच वर्षं लोकांना पाळायला लावला होता. दुपारच्या एसटीनं आत्या मला घेऊन गेली.

पुढचं मी थोडक्यात सांगते. आत्याचा हात खरंच उठायचा. बर्फाच्या पाण्यानं माझ्या बोटांची कातडी निघायची. पण दोन वर्षांत मी इतकी शिकले की, गिऱ्हाईक टोपलीकडे यायच्या आधी त्याच्या चालण्यावरून सांगायची की हा घेणार की नुसतं दाबून पाहणार. मासळी बाजारातही बारीक मासळीच्या ढिगाला वाटाच म्हणतात. दिवसभर मी ओरडायची, घ्या वाटा, घ्या वाटा, आणि प्रत्येक वेळी तो शब्द माझ्या जिभेला टोचायचा. पुढे स्वतःची टोपली घेतली, मग बर्फाची पेटी, मग गोंडपिपरीत जुना डीप फ्रीझर, मग दुकान. लग्न केलं नाही, कोणाचा आधार घेतला नाही. लोक मला म्हणतात, पाहा, तुमचं तर चांगलंच झालं. झालं नाही, मी केलं. पळसाच्या पानानं केलं नाही.

गावाला मी सणावारी जायची. बाईचं लग्न गावातच झालं, तीही तलावावरच राबायची. आम्ही बोलायचो, पण वरवरचं. ती मला जेवायला वाढायची तेव्हा मरळीचा मधला तुकडा माझ्या ताटात टाकायची आणि मी तो उचलून तिच्या मुलीच्या ताटात ठेवायची. असं किती वर्षं चाललं. दोघींपैकी एकीनंही ते सोडलं नाही.

त्या खोकल्यानं माझं असं काही केलं आहे की सांगायला लाज वाटते. एसटीत मागच्या सीटवर कोणी खोकललं, बँकेच्या रांगेत कोणी खोकललं, की माझ्या तोंडात "माहा" हा शब्द येऊन उभा राहतो. मी दात मिटून तो आत ठेवते. एकदा तहसील कचेरीत तो बाहेर पडला. शेजारच्या माणसानं विचारलं, तुमचा काय? मी म्हटलं, नंबर.

बाईला छातीचा आजार झाला तेव्हा मी एकदाच दवाखान्यात गेले. संत्री नेली होती. ती सारखी खोकत होती. एका खोकल्याला मी आतून उत्तर दिलं, दुसऱ्याला दिलं, तिसऱ्याला दिलं, आणि माझे कान तापले. तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "त्या दिवशी पानं मांडली होती ना मायनं..."

मी हात सोडवला. म्हटलं, "मले काई नाई ऐकायचं. तू आराम कर."

तिनं मान उशीवर ठेवली. मग तिनं मुलीला सांगितलं, मावशीला संत्रं सोलून दे. तीन आठवड्यांनी ती गेली.

तर पार्टीचा दिवस.

आदल्या दिवशी मी दही फडक्यात बांधून टांगून ठेवलं होतं. माय त्याच्याखाली स्टूल घेऊन बसली आणि विचारू लागली, कोणत्या गाईचा चीक आहे. मी म्हटलं, माय, चीक नाही, चीज. ती म्हणाली, तेच तं म्हन्तो मी, खरवस करून राह्यली ना? तिचं ऐकणं कमी झालं आहे आणि आठवणही ये-जा करते. कधी सकाळचं जेवण विसरते, कधी चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नातल्या भाज्या सांगते.

ओव्हन मी बंद पडलेल्या एका बेकरीवाल्याकडून घेतला होता. त्याचं झाकण नीट लागत नाही, असं म्हणून मी त्याला अर्ध्या किमतीवर आणलं होतं. घरी आणल्यावर कळलं की झाकण खरंच नीट लागत नाही. मी एक लाकडी पाचर करून ठेवली आहे, ती खाली लावली की बरं बसतं. तरी थोडी फट राहतेच.

चक्का, किसलेलं चीज, दोन चमचे साय, ठेचलेला लसूण, हिरव्या कांद्याची पात. झिंगे कोरडे भाजून, हातानं चुरून घातले. सात मातीची परळं आदल्या रात्री पाण्यात भिजवून ठेवली होती, म्हणजे भट्टीत तडकत नाहीत. त्यांत सारखं सारखं भरलं. भाचीनं पाहून सांगितलं, की एकात जास्त झालं. मी म्हटलं, असू दे, कोणाच्या तरी नशिबी. वरून तुपात भिजवलेली लाल मिरचीची भरड टाकली आणि ओव्हन लावला. बुडवायला तांदळाचे पापड तळले, टोस्टही होते.

पाचच्या सुमारास मैत्रिणी आल्या. भाची बाहेरच्या खोलीत त्यांच्याबरोबर होती, फोटो काढणं चाललं होतं. आत मी आणि माय. पाचर सरकली असणार. तूप उतू गेलं, मिरची तापल्या पत्र्यावर जळली आणि फटीतून धूर आला, असा की डोळे उघडेनात. मी ओव्हन बंद केला, ट्रे काढला, परळं ओट्यावर ओळीनं मांडली आणि पुन्हा ओव्हनकडे वळून जळकं पुसू लागले. वर खदखदणारी तांबूस साय, आत झिंग्यांचा वास. आमच्या घराचा वास.

पाठीमागे माय उठून ओट्याशी आली असावी. मला तिचा आवाज ऐकू आला.

"हा कोनाचा?"

आणि खोकला. बारीक, कोरडा, एकदाच.

"माहा," मी म्हटलं.

आवाज मोठा निघाला होता. बाहेरचं हसणं थांबलं. मी वळले. माझ्या डोळ्यांसमोर क्षणभर चौकटीला टेकलेली बाई होती, हे मी शपथेवर सांगेन. पण चौकट रिकामी होती. ओट्याजवळ माय उभी होती, पदर तोंडावर धरून, आणि तिचं बोट एका परळावर रोखलेलं होतं. तेच, जास्त भरलेलं.

स्वयंपाकघरात दुसरं कोणी नव्हतं. बहिणीचा खोकला माझ्या मायच्या तोंडातून आला होता.

छत्तीस वर्षं मी तो खोकला ओळखते असं मला वाटत होतं. पण मी तर भिंतीकडे तोंड करून उभी होते. मागे दोघी होत्या. मी कोणाला पाहिलं होतं? मी फक्त वळले तेव्हा कोण कुठं पाहत आहे ते पाहिलं होतं.

मी ट्रे भरून बाहेर दिला. मुलींनी पापड मोडून बुडवले, वाफा निघत होत्या, झिंग्यांची चौकशी झाली, कोणी नाक मुरडलं नाही. भाची माझ्याकडे पाहून हसली. तो ओठ. मी आत आले. मायला एका स्टुलावर बसवलं, तिचं निवलेलं परळ फडक्यासकट तिच्या मांडीवर ठेवलं. ती बोटानं चाटू लागली. म्हणाली, मऊ आहे, दातांचं काम नाही.

मी तिच्यासमोर खाली बसले. विचारलं, ज्या दिवशी आत्या मला घेऊन गेली, त्या दिवशी कोण खोकललं होतं.

तिनं खाणं थांबवलं नाही.

"मीच खोकलली."

"काऊन?"

"तुमी दोघी पाच वर्सं लबाडी करून राह्यल्या होत्या. मले का दिसत नव्हतं? तुह्या बापालेबी मालूम होतं." तिनं बोट चाटलं. "थोरली गेली असती तं आठ दिवसांत रडत आली असती. तू भांडखोर. तू टिकली असती म्हून खोकलली."

 मी विचारलं, बाईला हे माहीत होतं का.

"तिच्या बाजूले उभी होती मी."

"मग तिनं मले काऊन नाई सांगितलं?"

मायनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तू ऐकत होती का?"

मी उठून नळ सोडला आणि हात धुत राहिले. बाहेर मुली गाणी लावत होत्या.

रात्र मी कशी काढली ते लिहीत नाही. सकाळी चहाच्या वेळी मी मायला पुन्हा विचारलं, कारण एकदा सांगितलेल्या भावावर मी कधी सौदा केलेला नाही. तिनं बशीतला चहा फुंकला. म्हणाली, कोणतं पान? कोण खोकललं? चुलीत ओलं लाकूड होतं, धूर झाला असेल. थोरलीची छाती तेव्हापासूनच नाजूक होती, पोर खोकतच राहायची.

म्हणजे आता तीन भाव माझ्यासमोर आहेत. बाईनं खूण केली. मायनं खूण केली. किंवा कोणीच काही केलं नाही, आजारच होता, तेव्हापासून होता, आणि मी एका आजारी मुलीच्या खोकल्याला उत्तर देऊन घर सोडलं. आणि आदल्या संध्याकाळचं ते खरं होतं की मेलेल्या लेकीवरचा आळ काढायला म्हातारीनं तो स्वतःच्या अंगावर घेतला? बाजारात समोरचा खोटं बोलतो आहे हे मी त्याच्या तराजूवरच्या बोटांवरून ओळखते. मायची बोटं मी त्या सकाळपासून पाहते आहे. ती बशी धरतात, पदर सावरतात, मला काही सांगत नाहीत.

भाची नोकरीवर रुजू झाली. तिला डिप पुन्हा हवं आहे, तिथल्या नर्सेससाठी डब्यात घालून देशील का म्हणून विचारते. दिलं एकदा. मिरची कमी घातली आणि पाचर ठोकून घट्ट बसवली, म्हणजे धूर येणार नाही. तरी ओव्हनकडे तोंड केलं की माझी पाठ जागी होते. कोणीतरी मागे उभं आहे आणि श्वास घेऊन थांबलं आहे, असं वाटतं.

मी दवाखान्यात हात सोडवला, हा माझा गुन्हा. तो मी मान्य करते, त्यात घासाघीस नाही. पण मला रागावायला लावून तुम्ही दोघी गप्प बसलात. एकीला तीस वर्षं मिळाली होती, एकीला अजून मिळत आहेत. माझ्या तोंडावर सांगता येत नसेल तर मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभी राहते. मागून सांगा. जिवंत आहे तिनं सांगा, नाही तर गेली तिनं. तो खोकला कोणाचा होता?